एलपीएस की एसपीएस? बडोद्यात घरच्या टँकसाठी काय परवडेल

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सॉफ्ट कोरलवर (मऊ प्रवाळांवर) जरा हात बसला की प्रत्येकाला स्टोनी कोरलची, म्हणजे दगडी सांगाड्याच्या प्रवाळांची खुमखुमी येते, मग हॅमर, टॉर्च, अकानवाली एलपीएस (मोठ्या पॉलिपची, पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक जीव) घ्यायची की थेट अ‍ॅक्रोपोरावर, म्हणजे एसपीएसवर (लहान पॉलिपच्या) उडी मारायची? माझं मत आधीच सांगतो, बडोद्यात राहत असाल आणि पाणी थंड करणारा चिलर नसेल तर एलपीएस, जास्त विचार करूच नका.

कागदावर दोन्ही सारखीच वाटतात. २५-२६ डिग्री, सॅलिनिटी १.०२५, कॅल्शियम ४०० ते ४५०, केएच (पाण्याची अल्कलिनिटी) ८-९. फरक आहे तो सोसण्यात. केएच एका दिवसात ८ वरून साडेनऊ झाला तर हॅमर आखडून बसेल नि बहुतेक पुन्हा फुलेल, पण अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी पडायला लागतात आणि नशीब फिरलं तर बुडापासून साल निघावी तसं मांस सुटत जातं, सकाळी बघाल तर नुसता सांगाडा. शिवाय एसपीएस वाढायला लागलं की कॅल्शियम, केएच रोज ओढतं, म्हणजे डोसिंग, ते मोजून पुन्हा पाण्यात घालणं, आलंच. चार-पाच एलपीएस फ्रॅग्जना (कोरलच्या छोट्या तुकड्यांना) नियमित वॉटर चेंज बरेचदा पुरतो.

आता आपली हवा. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असलं तरी हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर फॅन मारला की दोन-तीन डिग्री उतरतात. खरी गोची पावसाळ्यात, हवा इतकी दमट की पाणी उडतच नाही, तोच फॅन नुसता गरगरतो आणि माणूस मात्र उन्हाळा संपला म्हणून निवांत. पाणी ३० च्या वर दिवसेंदिवस राहिलं की कोरल आतलं शेवाळ टाकून पांढरंफट्ट पडतं, हे एलपीएसलाही चुकत नाही पण एसपीएस आधी जातं. फॅन लावलात तर उडालेलं पाणी आरओ-डीआयनेच (क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यानेच) भरा, खारं ओतू नका, मीठ उडत नाही.

लाइटचं सोपं आहे, एलपीएसला ८०-१५० पार (कोरलला मिळणाऱ्या प्रकाशाचं माप), अ‍ॅक्रोपोराला २५०च्या पुढे आणि पाण्याचा फ्लोही जोरदार. तोच फ्लो हॅमरवर मारला तर त्याची चामडी फाटते, म्हणून दोन्ही एकाच टँकमध्ये कोंबायचा मोह नको.

एलपीएसचा त्रास एकच, शेजाऱ्याशी भांडण. रात्री लाइट बंद झाले की टॉर्च लांब तंतू सोडतो आणि बाजूच्या अकानला डसून भाजून काढतो, सहा इंच जागा सोडाच.

आणि हो, आपल्याकडची सगळी रीफ बांधणारी स्टोनी कोरल्स १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, बाहेरची सायटीसच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये. जामनगरजवळच्या पिरोटन बेटावर फिरायला गेलात तर मेलेला तुकडासुद्धा खिशात टाकू नका, आणि विकणाऱ्याकडे इम्पोर्टचे कागद नसतील तर फ्रॅग कितीही स्वस्त असो, तिथूनच परत फिरा.

एसपीएसच पाहिजे असेल तर आधी चिलर, मग मॉन्टिपोराचा एक फ्रॅग, अ‍ॅक्रोपोरा त्यानंतर.