मॅक्रो लेन्स झकास, टोपणाचं मात्र विचारू नका

लेन्स चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी ऑर्डर रद्द कराल. शंभर एमएमची ही मॅक्रो, म्हणजे फुलं-किडे अगदी जवळून टिपायची लेन्स, मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत घेतली. दोन वसंत आणि मधला एक गोव्याचा पावसाळा तिच्यासोबत काढून झालाय. वन-टू-वन (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते ते), हाताचा कंप सावरणारा स्टॅबिलायझर, वजन हे सगळं तुम्हाला पाठ असेल. मला बोलायचंय ते टोपणाबद्दल.

हे टोपण कडेला दाबून काढायचं असतं. लेन्सच्या तोंडावर ऊन अडवायचा हूड लावला की बोटं आत पोचत नाहीत. मधोमध चिमटीत धरायची टोपणं केव्हाची निघालीत, पण एवढे पैसे मोजून घेतलेल्या लेन्सवर कंपनीने जुनंच चिकटवलंय. म्हणजे आधी हूड काढा, मग टोपण काढा, मग हूड परत लावा. तोवर फुलपाखरू पुढच्या गावात.

पहिलं टोपण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, सुर्ल्याच्या सड्यावर हरवलं. मार्चमधली सकाळ, करवंदीच्या जाळीत पांढऱ्या चांदण्या फुललेल्या, मी पोटावर सरपटत आत. टोपण शर्टाच्या खिशात होतं आणि ते तिथूनच घसरलं, हे कबूल. पण दोन-दोन वस्तू सांभाळायला लावल्या कुणी? नवीन अस्सल टोपण साडेसातशे रुपयांना. एवढ्यात घरात इसवण, म्हणजे सुरमई, येते! म्हणून बायकोने सुंगटांच्या (कोळंबीच्या) लोणच्याच्या बाटलीचं झाकण दिलं. आतून रबरबँड लावल्यावर ते घट्ट बसलं. वास मात्र तीन वेळा धुऊनही गेला नाही आणि सुर्ल्यातली एक मांजर माझ्या बॅगेमागे लागली.

जूनमध्ये लेन्स जुन्या चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवली. पावसात मी कॅमेरा बाहेर काढतच नाही. दसऱ्यानंतर उघडून उजेडात धरली, तर पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी.

पणजीत कंपनीचं सर्व्हिस केंद्र आहे, पण तिथे फक्त वस्तू घेतात आणि मुंबईला पाठवतात. काउंटरवरच्या मुलाने लेन्स फिरवून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, हे झाकण कसलं?" मग म्हणाला, बुरशी वॉरंटीत बसत नाही, ती ठेवणाऱ्याची चूक. अंदाजपत्रक सात हजार चारशे, आणि तपासणीचे पैसे वेगळे. मी पाऊण तास भांडलो. तुमचं टोपण धड असतं तर बुरशी आत शिरलीच नसती, हा माझा मुद्दा. त्याने मला पाणी दिलं, सूट दिली नाही.

लेन्स घेऊन बेळगावला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने अठराशे रुपयांत काच उघडून पुसून दिली. कोटिंगवर एक फिकट डाग राहिलाय, तो उन्हाकडे तोंड करून काढलेल्या फोटोतच जाणवतो. मी टोपणाची कैफियत मांडली तेव्हा तो हसला. म्हणाला, "टोपणाचा काय संबंध? ते चामडं टाकून द्या." बुरशीला हवा असतो दमटपणा आणि अंधार. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर गेली की ती वाढायला लागते आणि आपल्याकडे पावसात घरात ऐंशीच्या वर सहज असते. चामडं तर ओल धरूनच बसतं. म्हणजे केंद्रातला मुलगा बरोबर होता. हे मी त्याला जाऊन सांगणार नाही.

आता लेन्स स्वयंपाकघरातल्या घट्ट झाकणाच्या डब्यात राहते. सोबत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा पंचेचाळीस ते पन्नासच्या मधे. निळे दाणे गुलाबी झाले की एका जुन्या कढईत तापवून घेतो. ती कढई परत चुलीवर भाजीला नाही.

आणि या वसंतात लेन्सने पैसे वसूल केले. फेब्रुवारीअखेर डिचोलीजवळ एका कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला सुरंगीचं झाड फुललं होतं. जुन्या फांद्यांना चिकटून कळ्यांचे घोस. वळेसरासाठी, म्हणजे गजऱ्यासाठी, बाजारात न्यायच्या कळ्या पहाटे उमलायच्या आत खुडतात, म्हणून मी उरलेल्यांवर समाधान मानलं. चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा भरगच्च गुच्छ. त्यात एक मधमाशी पार बुडालेली, नुसतं ढुंगण बाहेर. वन-टू-वनला एफ आठवर (हा आकडा लेन्सच्या छिद्राचा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो; मधमाशीचा डोळा धरला तर पाकळी गेली. एफ सोळावर न्यावं तर चित्रच मऊ पडतं. शेवटी अकरावर थांबलो. इतक्या जवळून स्टॅबिलायझरचा फार उपयोग नाही, त्याच्या जाहिरातीला भुलू नका. उकड्या तांदळाची दोन किलोची पिशवी दगडावर ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा. ट्रायपॉडपेक्षा खाली जाता येतं आणि नंतर तांदूळ शिजवताही येतात.

अंजनीच्या फुलांसाठी मार्चमध्ये गेलो. नखाएवढी निळी-जांभळी फुलं, फांदीभर. सकाळी साडेनऊपर्यंतच काम होतं, पुढे समुद्राचा वारा सुटला की फांदी स्थिर राहत नाही. त्या निळ्याचा रंग लेन्सने अगदी जसाच्या तसा दिला, फोनने तो कायम जांभळा केला होता.

घ्या असंच म्हणेन. सोबत मधोमध चिमटीचं साधं टोपण दीडशेत मिळतं, ते घ्या. माझं आता दोरीने बांधलेलं आहे. आणि सुर्ल्याच्या सड्यावर करवंदीच्या जाळीत कुणाला सदुसष्ट एमएमचं काळं टोपण सापडलं तर ते माझं.