पूररेषेबाहेरचं घर: फ्लॅट, प्लॉट की जोडघर?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका, हे कोल्हापुरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर चढलं. पाणी वाढू लागलं की सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलतात, ओसरलं की परत येऊन गाळ उपसतात. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत माणसांबरोबर जनावरंही हलवावी लागतात. अशा वस्तीचं कायमचं पुनर्वसन करायचं ठरलं की समितीपुढे साधारण तीन आराखडे येतात. एक, तीन-चार मजली इमारतीतले फ्लॅट. दोन, मोकळा प्लॉट आणि बांधायला अनुदान. तीन, सामाईक भिंतींची बैठी जोडघरं, ज्यांवर पुढे एक मजला चढवता येतो.

हा आढावा त्या समितीत बसणाऱ्यांसाठी आहे: तरुण मंडळाचे कार्यकर्ते, बचत गटातल्या बायका, एखादा निवृत्त शिक्षक. माझा कल आधीच सांगून टाकते. जागा कामधंद्याच्या जवळ आणि पुरेशी असेल तर जोडघरं घ्या. जवळ पण तोकडी असेल तर कमी उंचीची इमारत चालेल. नुसता प्लॉट हा मी शेवटचा पर्याय धरते. आणि जागाच लांब असेल तर तिन्ही आराखडे बाजूला ठेवून आधी जागेसाठी भांडा.

आधी जागा

प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला प्लॉट मिळाले. तरीही कित्येक कुटुंबं जुन्या गावातच राहिली. पाणी आलं की सोनतळी गाठायची, उतरलं की परत. त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे, पण शेत तिथं, गोठा तिथं, उसाला पाणी पाजायला रात्री उठून जायचं तिथं. घर हलवलं आणि पोट जुन्या जागी राहिलं की माणूस पोटाजवळच राहतो.

शहरातल्या वस्तीचं गणित वेगळं, पण तितकंच कडक. शुक्रवार पेठेच्या आसपास चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी साडेसहाला निघते आणि दहा मिनिटांत पहिल्या दारात पोचते. दुपारी तासभर घरी येऊन पोरांना जेवायला घालते, संध्याकाळी पुन्हा दोन घरं करते. तिला बारा किलोमीटरवर घर दिलं तर दुपारची फेरी बंद होते, संध्याकाळची घरं सुटतात आणि केएमटीच्या म्हणजे शहर बसच्या रोजच्या तिकिटात एका घरचा पगार जातो. नवं घर कितीही चांगलं बांधा, तिची मिळकत निम्म्यावर आली तर दोन वर्षांत ते घर भाड्यानं जातं आणि ती पुन्हा नदीकाठी खोली शोधते. समितीनं म्हणूनच पहिला ठराव अंतराचा करावा: रोजच्या कामापासून चालत किंवा एका बसनं अर्ध्या तासात पोचता येईल अशीच जागा.

जागा दाखवली की तीन गोष्टी स्वतः बघा. पहिली पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नकोच. लाल रेषेच्या आतली जागाही गळ्यात मारून घेऊ नका. एवढा खटाटोप करून पुन्हा पुरातच राहायचं असेल तर हलायचं कशाला? नकाशाबरोबर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा शेजारच्या शेतकऱ्यांना विचारा, ते विहिरीच्या कठड्यावर बोट ठेवून दाखवतात.

दुसरी माती. आपल्याकडे नदीच्या पट्ट्यात काळी माती, माळावर मुरूम. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. भिंतीला तिरकी चीर पडते ती त्यामुळे. शिवाय काळ्या मातीत शोषखड्डा नीट शोषत नाही. साधी परीक्षा आहे: तीन फूट खड्डा खणा, पाणी भरा, एकदा मुरू द्या, पुन्हा भरा आणि सकाळी बघा. पाणी तसंच उभं असेल तर संडासाचं पाणी कुठं जाणार हे ठरल्याशिवाय त्या जागेला होकार देऊ नका. तिसरी गोष्ट पिण्याचं पाणी. टाकी बांधून दिली एवढ्यावर जाऊ नका, त्या टाकीत पाणी कुठून येणार हे लेखी घ्या.

पोटाचा धंदा घरात असेल तर

फ्लॅट आणि जमिनीवरचं घर यांतला खरा फरक इथे कळतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधीचे महिने बघा. शाडूचे गोळे, प्लास्टरची पोती, साचे, दारात वाळत ठेवलेल्या मूर्ती, आत छतापर्यंत फळ्या. चार फुटी मूर्ती जिन्याच्या वळणावरून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायची म्हणजे वर्षाची कमाई रोज धोक्यात घालायची. चपला शिवणाऱ्याला कातडं भिजवायला आणि वाळवायला जागा लागते. हातगाडीवाल्याला रात्री गाडी लावायला, भंगार गोळा करणाऱ्याला माल निवडायला अंगण लागतं. म्हसरं पाळणाऱ्या घरात पहिला प्रश्न हाच येतो: "म्हस कुठं बांधू?" इमारतीत त्याला उत्तर नाही.

याउलट ज्या घरातली माणसं फाउंड्रीत, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, दुकानात किंवा बांधकामावर जातात, त्यांना घर झोपायला, स्वयंपाकाला आणि पोरांच्या अभ्यासाला हवं असतं. त्यांना फ्लॅट अडत नाही. म्हणून आराखडा मागवण्याआधी घरोघर जाऊन एक यादी करा: कोण कुठं काम करतं, घरात काय बनतं, जनावरं किती, घरात जिना न चढणारं कोण आहे. शासकीय सर्वेक्षणात डोकी मोजली जातात, धंदा क्वचितच विचारला जातो. बहुतेक वस्त्यांत ही यादी मिश्र निघते. तेव्हा एकच नमुना सगळ्यांवर लादण्यापेक्षा त्याच जागेवर काही घरं बैठी आणि काही इमारतीत, असं मागायला संकोच करू नका.

सोलापूरजवळ कुंभारीला दोन्ही नमुने जाऊन बघता येतात. विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत, २००६ ची, दहा हजार बैठ्या घरांची. आणि अलीकडचं ३०,००० घरांचं रे नगर, इमारतींचं, ज्यातल्या १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. विडी घरात बसून वळता येते, त्यामुळे शहराबाहेर गेल्यावर काम लगेच तुटत नाही. आपल्या वस्तीतलं किती काम असं घराबरोबर हलवता येतं, हे तिथं जाण्याआधी मोजून ठेवा.

जागेचा हिशोब

एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. रस्ते, गटारी, मोकळी जागा, अंगणवाडी सोडली की प्लॉटसाठी साधारण ५५ टक्के उरते. ६०० चौरस फुटांचा प्लॉट धरला तर एकरात ४० कुटुंबं बसतात. त्याच एकरात तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारती घातल्या तर शंभरावर कुटुंबं सहज बसतात. शहरालगत जागा दोनच एकर मिळत असेल आणि कुटुंबं दीडशे असतील, तर अंगणाचा आग्रह म्हणजे अर्ध्या लोकांना लांब पाठवणं. अशा वेळी मी इमारतीच्या बाजूनं उभी राहीन.

जोडघरात हाच ६०० फुटांचा तुकडा १५ फूट रुंद आणि ४० फूट खोल असा काढतात. पुढे दहा फूट अंगण, मधे १५ बाय २० चं घर, मागे दहा फूट परसू. पुढच्या अंगणात धंदा, मागे मोरी, संडास, शेळी किंवा एखादं जनावर. शेजारच्या दोन घरांची भिंत एकच असल्यानं विटा आणि पायाचा खर्च वाचतो, आणि रुंदी कमी असल्यानं प्रत्येक दारापुढचा रस्ता, गटार, पाण्याची पाइपही कमी लागते. हे छोटं वाटतं, पण गावठाणाच्या देखभालीत हाच खर्च ग्रामपंचायतीला जन्मभर भरावा लागतो. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथं रुंद रस्ते आणि सुटी सुटी घरं आखली गेली. जुन्या गल्लीतली सावली आणि शेजार त्या आखणीत राहिला नाही. आपण ती आखणी पुन्हा करू नये.

एक काळजी घ्या: जोडघरांची रांग सलग वीस घरांची नको. चार-सहा घरांनंतर फट सोडा, आणि जोतं, दरवाजा-खिडकीची उंची आणि छत अशा तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचा पट्टा सलग फिरवा. कोयनेचा भूकंपाचा पट्टा आपल्यापासून फार लांब नाही.

कोण बांधणार?

फ्लॅटला ठेकेदार लागतोच. तुमच्या हातात फक्त देखरेख उरते आणि तीही मागून घ्यावी लागते. स्लॅबला किती दिवस पाणी मारलं, हे वस्तीतल्या कुणीतरी रोज वहीत लिहावं. ताबा घेण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या, किंवा निदान दोषदुरुस्तीची मुदत आणि राखून ठेवलेली रक्कम करारात लिहून घ्या. दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीणचं नवं गाव २०१७ च्या एप्रिलमध्ये लोकांच्या ताब्यात दिलं गेलं आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसानं तिथल्या रस्त्यांची आणि भरावाची पडझड झाली.

नुसता प्लॉट दिला की ओझं उलट बाजूला जातं. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी भागात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाख, ग्रामीणमध्ये सपाटीवर मूळ अनुदान १ लाख २० हजार. पक्कं बांधकाम चौरस फुटाला दीड हजाराच्या खाली होणं आज कठीण आहे. ३०० फुटांचे साडेचार लाख झाले. वरचे दोन-तीन लाख रोजंदारीवरचा माणूस कुठून आणणार? पगाराची स्लिप नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही, मग खासगी सावकार. हप्ते कामाच्या टप्प्यावर मिळतात, त्यामुळे जोत्यावर थांबलेली घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. घरात गवंडी असेल त्याचं घर उत्तम होतं. विधवा बाईचं घर जोत्यावर राहतं.

म्हणून मधला मार्ग मला पटतो: गाभा बांधून द्या, बाकी कुटुंबावर सोडा. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत हेच केलं. जोतं आणि संडास-मोरीचा भाग तयार मिळाला, पुढचं घर कुटुंबांनी ऐपतीप्रमाणे वाढवलं. आपल्याकडे गाभा म्हणजे दोन मजल्यांचा भार घेणारा पाया, एक पक्की खोली, संडास-मोरी, नळ, वीज आणि जिन्याची जागा. वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया बाहेर सोडतात त्या दोन पावसाळ्यांत गंजतात. त्यांच्यावर सिमेंटचं पाणी फिरवून कच्च्या काँक्रीटचं टोपण घालायला सांगा, मजला चढवताना ते फोडता येतं. सिमेंट, सळई, क्रश सँड सगळ्यांनी मिळून एकदम घेतली तर दरात फरक पडतो, आणि पाणी मारायचं काम घरचीच माणसं करतात तेव्हा ते होतं.

ताबा मिळाल्यावरचा खर्च

इमारत निवडणाऱ्यांनी हा आकडा आधी विचारावा. पाण्याच्या मोटारीचं बिल, जिन्यातला दिवा, टाकी धुणं, सेप्टिक टँक उपसणं, गच्चीची गळती. मोटार जळाली की सगळ्या मजल्यांचं पाणी बंद, आणि वर्गणी न देणाऱ्याचं पाणी तोडता येत नाही. महिना दोन-तीनशे रुपये फार वाटत नाहीत, पण मुकादमाकडून उचल घेऊन दिवस काढणाऱ्या घराला ते जड जातात. संस्थेच्या नावावर सुरुवातीलाच देखभालीची ठेव टाकून घ्या, तिच्या व्याजावर मोटार आणि दिवा चालला पाहिजे. ठेव नसेल तर इमारत स्वीकारू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जोडघरात गळती ज्याची त्याला कळते आणि तो पत्रा टाकून का होईना, थांबवतो.

कागद आणि शेजार

जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर परवानगीशिवाय विकता येणार नाही. काहींना ही अडचण वाटते. मला ती पहिली काही वर्षं संरक्षण वाटते, कारण दलाल वसाहतीच्या फाटकाशी उभेच असतात. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर हवं. जुनी जागा सरकारजमा होण्याची तारीख आणि नव्या घराच्या ताब्याची तारीख यांत अंतर पडू देऊ नका.

आणि वाटप. घरांची चिठ्ठी काढली की गल्ली फुटते. पोरांना सांभाळणारी म्हातारी एका टोकाला, पोरं दुसऱ्या टोकाला. दहा-बारा कुटुंबांनी आपला गट आधी लिहून द्यावा आणि चिठ्ठी गटाच्या नावानं काढावी. इमारत असेल तर तळमजला चिठ्ठीत टाकूच नये. ज्यांच्या घरात अपंग किंवा जिना न चढणारं माणूस आहे आणि ज्यांचा धंदा जमिनीवरचा आहे, त्यांची नावं पहिल्या यादीतून घेऊन तो आधीच वाटावा, आणि ती यादी वस्तीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर आठवडाभर लावून हरकती घ्याव्यात.