वहीतला लाल गोल केलेला 'च' : माझा काउन्सेलिंगचा अनुभव

बाबा गेले त्यानंतर आठ महिने मला रात्री तीनला जाग यायची ती यायचीच, शेवटी मावशीने मागे लागून पुण्यातल्या एका काउन्सेलरकडे पाठवलं. आधी एका ठिकाणी दहा मिनिटांत 'पॉझिटिव्ह राहा' सांगून वाटेला लावलं होतं, त्यामुळे धाकधूक होती. पण इथे पहिली तीन सेशन्स मी नुसती रडले आणि मॅडमनी रडू दिलं, घाई नाही की उपदेश नाही.

चौथ्यापासून वही आली. आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) म्हणून काउन्सेलिंगची पद्धत आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने 1955 च्या सुमारास मांडलेली, त्यात घटना, त्यावरचा आपला विचार आणि त्यातून आलेली भावना वेगवेगळी लिहायची. मी लिहिलं होतं, 'बाबांना लवकर हॉस्पिटलला न्यायलाच हवं होतं'. मॅडमनी लाल पेनने फक्त तो 'च' गोल केला. बस्स. मी कितीतरी वेळ त्या गोलाकडे बघत बसले. दुःख आहेच, पण स्वतःला रोज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं थांबलं.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. झोप लागायला लागली, वाटलं झालं आता, तर मॅडम म्हणाल्या, 'बरं वाटतंय ना, मग आता तुम्हाला काय करायचंय?' त्यातून वीस वर्षांनी पेटी उघडली, क्लास लावला, चुकत चुकत वाजवते. 'मला उत्तम आलंच पाहिजे' मधला 'च' पण गोल झालाय, यावेळी मीच केला.

संध्याकाळची वेळ मात्र पटकन मिळत नाही. तोवर थांबवत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.