मेनूवर आकडा लावावा की रंग?

कँटीनच्या मेनूवर पोषणमाहिती द्यायची हे एकदा ठरलं की गाडी एका प्रश्नावर अडते: प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहायच्या, की पदार्थ तब्येतीला कितपत बरा हे सांगणारा लाल, पिवळा, हिरवा ठिपका द्यायचा? आमच्या ऑफिसच्या कँटीनसाठी हे मलाच ठरवावं लागलं, म्हणून दोन शब्द.

आकड्यांच्या पाठीशी कायदा आहे. न्यूयॉर्क शहराने साखळी हॉटेलांना ते २००८ मध्ये सक्तीचे केले, इंग्लंडने मोठ्या व्यवसायांना २०२२ मध्ये. शिवाय आकड्यात कुणाचं मत मिसळलेलं नसतं. परिणाम मात्र बेताचा. आरोग्यविषयक संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२५ च्या आढाव्यात ६०० कॅलरींच्या जेवणामागे सरासरी ११ कॅलरींची घट दिसली. थेंबे थेंबे तळे साचे, हेही खरं.

माझं मन आकड्यांवरून उडालं ते 'प्रति सर्व्हिंग' या शब्दांमुळे. ताटात येतं ते एक सर्व्हिंग की दोन, हे वाढणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यात एखाद्या पदार्थापुढे '३५० ते ७००' लिहिलेलं असतं. एवढ्या फरकात तर आख्खं दुसरं जेवण बसतं! मागे रांग खोळंबलेली असताना दिवसाच्या २००० कॅलरींतून ही वजाबाकी कोण करणार? काउंटरपाशी उभं राहून पाहिलं, तर बहुतेकांची नजर आकड्यावर ठरतच नव्हती.

ठिपक्याला हिशेब लागत नाही. गोड पेयाकडे गेलेला हात लाल ठिपका पाहून शेजारच्या ताकाकडे वळताना मी पाहिलाय. मोजदाद केलेली नाही, पण हे वरचेवर दिसतं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये हा प्रयोग २०१० मध्ये सुरू झाला. दोन वर्षांत विक्रीतला लाल पदार्थांचा वाटा २४ टक्क्यांवरून २० वर आला, हिरव्यांचा ४१ वरून ४६ वर गेला. तिथे हिरवे पदार्थ नजरेच्या उंचीवरही मांडले होते, तेव्हा सगळं श्रेय रंगाचं नाही.

रंगातही खोट आहे. निम्मा मेनू पिवळा होऊन बसतो, आणि हिरवं आहे म्हणून दोनदा वाढून घेणारेही भेटतात. इन्सुलिन घेणाऱ्याला तर कर्बोदकांचे ग्रॅमच हवेत. उलट, खाण्याच्या विकारातून सावरणाऱ्याला आकडे त्रासदायक ठरू शकतात. इंग्लंडच्या नियमांत मागितल्यास कॅलरी नसलेला मेनू देण्याची मुभा आहे.

म्हणून फलकावर ठिपके आणि काउंटरवर आकड्यांची फाइल, अशी सोय मला तरी बरी वाटली. फक्त ठिपक्यात अक्षरही घाला, लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं प्रत्येक रांगेत असतात.