पंचनाम्याच्या नावाखाली अंगठा घेतला, 18,700 रुपये गेले

नाशिकच्या गोदाघाटाजवळ माझं पूजासाहित्याचं छोटं दुकान आहे. 2008 चा पूर बघितला, 2019 चा बघितला. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की माल वरच्या फळीवर चढवायचा, हे आमच्याकडे पोरांनाही कळतं. मागच्या पुरात पाणी रात्रीतून चढलं. सकाळी कुंकवाची पोती गाळात, कापूर-वाती सगळ्याचा लगदा.

तशात दोघं आले. गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर, त्यात शेजारच्या गल्लीतल्या दुकानदारांची नावं. नावं ओळखीची, मग संशय कशाला घ्यायचा? 200 रुपये 'फॉर्म फी' घेतली, आधार नंबर घेतला, छोटं मशीन पुढे केलं. "मदत थेट खात्यात येणार काका, आधार लिंक आहे का बघतो." गाळ उपसून बोटं सुरकुतलेली, वर कुंकू लागलेलं. "अंगठा घेत नाहीये, पुसून परत ठेवा." परत ठेवला. मग अजून एकदा. मशीन व्यवस्थित घेत होतं हो! बँकेच्या एजंटकडे असतं तसलं मशीन ते, आधार नंबर आणि अंगठ्यावर खात्यातून पैसे निघतात. एकदा बॅलन्स बघितला, एकदा 10,000 काढले, एकदा 8,500. मोबाइल पाण्यात गेलेला, मेसेज बघणार कशावर?

डाचतं ते वेगळंच. दोघांपैकी एकानेही दुकानात पाय ठेवला नाही. पंचनाम्याला आलेला माणूस माल बघत नाही, फोटो काढत नाही, पंच म्हणून शेजाऱ्याची सही घेत नाही, आणि विचारतो काय, तर खातं कुठल्या बँकेत! आणि मी त्याला खुर्ची पुसून देतोय, चहा मागवतोय. आता जो तो मला शहाणपण शिकवतो. आधी गुडघाभर गाळात उभे राहा आणि मदतीची वाट बघा, मग बोलू.

पंचनाम्याला पैसे लागत नाहीत. लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी पासबुक भरून घेतलं तेव्हा कळलं. बँकेतला साहेब म्हणतो, "अंगठा तुमचाच आहे ना? मग व्यवहार तुम्हीच केला." चौकीत म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, आधी बँकेकडून कुठल्या एजंटच्या मशीनवर पैसे निघाले ते लेखी आणा. बँक म्हणते, पोलिसांचं पत्र आणा. म्हणजे मी कागद घेऊन प्रदक्षिणा घालायच्या आणि चोर तोवर पुढच्या गल्लीत! रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये परिपत्रक काढलं होतं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर बँकेने काय करायचं ते त्यात लिहिलं होतं. ते दाखवलं तर साहेब म्हणाले, "वर पाठवतो." अजून वरच आहे. तुम्ही तोंडी सांगून घरी येऊ नका, अर्जाच्या प्रतीवर तारीख-शिक्का मारून घ्याच. आणि आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, शेजाऱ्याच्या मोबाइलवरून का होईना. मला तो नंबर चौकीत कोणी सांगितला नाही, भाच्याने सांगितला.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, आजच, म्हणजे अंगठ्यावर पैसे निघत नाहीत. फुकटात होतं. आईवडिलांचंही करा, घाटावरच्या म्हाताऱ्या विक्रेत्यांचं तर आधी.

खरे तलाठी नंतर आले. मी दारातच ओळखपत्र मागितलं तर चिडले, "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. नाही म्हटलं.