कानाच्या नळीत फुगवलेला फुगा, पाचपैकी साडेतीन स्टार

हॉस्पिटलचं नाव देत नाही, कारण डॉक्टर एकदम सोन्यासारखे आणि बिलिंग काउंटर, जाऊदे, ते पुढे येईलच. पुण्यातलं एक ईएनटी हॉस्पिटल, एवढं पुरे.

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, डॉक्टरांना भेटत फिरणारा, हेडक्वार्टर सातारा. दर मंगळवारी वाईवरनं पासरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर करायचं आणि संध्याकाळी खाली यायचं. घाटात दडे सगळ्यांनाच बसतात, एक जांभई दिली की सुटतात. माझ्या उजव्या कानाचा दडा सुटायचाच नाही. वाईत उतरलो तरी गच्च, घरी पोचलो तरी गच्च, पुढे पुढे तर शुक्रवारपर्यंत तसाच, म्हणजे डॉक्टर हळू बोलले की मी डावा कान पुढे करायचो आणि त्यांना वाटायचं हा फार मन लावून ऐकतोय.

चढताना काही नाही, उतरतानाच त्रास, हे मला कोडंच होतं. सर्जननी विचारलं, पाचगणीला पाणी पिऊन रिकामी बाटली बूच लावून गाडीत टाकली तर खाली वाईत ती कशी दिसते? चेपलेली! तसाच कानाचा पडदा आत ओढला जातो. वर जाताना आतली जास्तीची हवा आपोआप निघून जाते, खाली येताना मात्र बाहेरची हवा आत घ्यायला नळी उघडावी लागते, आणि ती उघडते गिळताना, जांभई देताना. माझी उघडत नव्हती. युस्टेशियन ट्यूब म्हणतात तिला, बार्तोलोमेओ युस्टाची नावाचा सोळाव्या शतकातला इटालियन माणूस, त्याच्या नावावरनं. मधल्या कानापासून नाकाच्या मागच्या भागापर्यंत जाते, मोठ्या माणसात लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर. आई अजून सगळ्यांना सांगते, याच्या कानातल्या स्टेशनचं ऑपरेशन झालं.

डायरेक्ट ऑपरेशन नाही बरं का. दोन वर्षांपूर्वी सगळ्यात आधी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी, आणि टिंपॅनोमेट्री म्हणजे पडद्याची, त्यात कानात एक बूच लावून दाब कमीजास्त करतात, आलेख सपाट आला म्हणजे टाइप बी, म्हणजे पडद्यामागे पाणी. मग नाकातनं दुर्बीण. ही टाळू नका कोणी, मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साठत असेल तर नळीच्या तोंडापाशी गाठ वगैरे नाही ना हे बघावंच लागतं. माझं क्लिअर होतं. मग स्टेरॉइड स्प्रे. इथे गंमत म्हणजे असे स्प्रे मी दहा वर्षं डॉक्टरांना विकतोय आणि स्वतः मात्र नाकाच्या मधल्या पडद्यावर मारत होतो, नॉझल बाहेरच्या बाजूला वळवायचं असतं हे नर्सने दाखवलं. लाज वाटली.

स्प्रेने भागलं नाही तेव्हा पहिल्यांदा ग्रॉमेट बसवला. पडद्याला बारीक चीर देऊन त्यात इवलीशी नळी, हवेला चोरवाट. फक्त कानापुरती भूल देऊन झालं, दुखलं नाही पण आतलं पाणी ओढायची सक्शन कानात घातली ना, एसटीच्या इंजिनात डोकं घातल्यासारखा आवाज! निघालं ते मधासारखं चिकट. टेबलवरनं उतरलो तर पंख्याची घरघर ऐकू आली, डोळ्यात पाणी आलं. पण ग्रॉमेट आपोआप गळून पडतो, साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो, माझा नवव्या महिन्यात पडला आणि दडा परत हजर. तोवर आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस आणि पोहणं बंद, हे वेगळंच.

म्हणून या वेळी फुगा, म्हणजे नळीत फुगवून तिची वाट रुंद करायची. जर्मनीत आधी सुरू झालं, अमेरिकेत एफडीएने २०१६ मध्ये परवानगी दिली. फुगा सांगायच्या आधी सर्जननी दोन प्रश्न विचारले, स्वतःचाच आवाज नि श्वास कानात घुमतो का, आणि आडवं पडलं की बरं वाटतं का. दोन्हीला हो असेल तर बहुतेक नळी बंद नसून उलट सताड उघडी असते, मग फुग्याने वाटोळंच होईल. माझं दोन्हीला नाही. सीटी स्कॅनही केला, नळीच्या शेजारनं मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते म्हणून.

ऑपरेशन म्हणाल तर सकाळी सातला उपाशीपोटी ॲडमिट, पूर्ण भूल, नाकातनं दुर्बीण आणि फुग्याची नळी आत, दोन मिनिटं फुगवला, हवा काढली, बाहेर. बाहेरनं चीर नाही, टाका नाही, आत काही ठेवत नाहीत. दोन दिवस नाकातनं लालसर पाणी, घसा खवखव, गालाच्या मागे ठसठस. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची, नाहीतर हवा भलतीकडे घुसू शकते. माझी शिंक ऐकून शेजारचं कुत्रं भुंकायचं.

आता तक्रार. टीपीएवाल्यांनी, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्यांनी, याला बलून सायनुप्लास्टी म्हणजे सायनसचं फुग्याचं ऑपरेशन समजून क्वेरी टाकली. सायनस वेगळं आणि कानाची नळी वेगळी हे काउंटरवरच्या माणसाने एका ओळीत कळवायला हवं होतं, ते कळवेपर्यंत संध्याकाळचे साडेसात, मी सलाईनची सुई हातात घेऊन बाकावर. शिवाय बिलात निम्म्याहून जास्त पैसे एकदाच वापरायच्या त्या फुग्याचे, हा आकडा आदल्या दिवशी विचारला तर "अंदाजे" एवढंच उत्तर. दीड स्टार तिथे गेला.

बाकी सर्जननी आधीच बजावलं होतं की शुद्धीवर आल्या आल्या कान मोकळा होणार नाही, सूज उतरायला काही आठवडे जातील, आणि शंभर टक्के होईलच असंही नाही. हे सांगितलं नसतं तर मी तिसऱ्या दिवशीच भांडायला गेलो असतो, कारण काहीच फरक नव्हता. दहाव्या दिवसापासून नाक दाबून हलकेच हवा भरायचा व्यायाम. चौथ्या आठवड्यात चहाचा घोट घेताना टक् असा आवाज आला. पुढच्या मंगळवारी घाट उतरताना तीनदा गिळावं लागलं, पण वाई यायच्या आत दडा सुटला. सर्दी झाली की अजून बसतो, दोन दिवसांत जातो. टिंपॅनो आता टाइप सी, म्हणजे पाणी नाही, दाब अजून थोडा कमी.

बहीण तिच्या पाच वर्षांच्या पोराला हेच करायचं का विचारत होती. लहान मुलांची नळी आखूड आणि आडवी असते, वाढीबरोबर सुधारते, त्याच्या डॉक्टरांनी ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) बघून ग्रॉमेटच सांगितलाय.

माझा पुढचा टिंपॅनो दिवाळीनंतर. तेव्हा काउंटरवर तोच माणूस असेल तर कॅश घेऊन जाईन.