भाऊ हॉस्पिटलात होता, तरी तक्त्यावर त्याची आंघोळ झाली होती

आमचा दादा ४६ वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पायांत जोर नाही, उजवा हात कायम मुठीत आवळलेला, बोलणं चार-दोन शब्दांचं. पण समज पूर्ण. आई गेल्यावर वर्षभर मी एकटीने त्याचं सगळं केलं. मग माझीच कंबर गेली आणि आम्ही त्याला मोठ्या माणसांना आधार देणाऱ्या एका निवासी केंद्रात ठेवलं. तिथे तो चौदा महिने राहिला. या चौदा महिन्यांत आम्ही फसवले गेलो. कुणी पैसे घेऊन पळालं नाही. दर महिन्याला पावती मिळत होती, इमारत स्वच्छ होती, माणसं गोड बोलत होती. म्हणूनच कळायला इतका उशीर झाला.

सुरुवात प्रवेशाच्या दिवशीच झाली होती. एक बाई फॉर्म घेऊन बसल्या. कॅट्झ इंडेक्स म्हणून एक मोजपट्टी आहे, १९६३ साली आलेली, अजूनही सगळीकडे वापरतात. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, संडास-लघवीवरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं, अशा सहा गोष्टी. माणूस जे स्वतः करतो त्याचा एक गुण, नाहीतर शून्य. दादा जाड मुठीचा चमचा डाव्या हातात धरून स्वतः जेवायचा. लघवी लागली की खुर्चीच्या हातावर दोनदा थापटायचा, आणि आपण पोचेपर्यंत थांबायचा. म्हणजे सहापैकी दोन तरी. बाईंनी शून्य लिहिलं. मी म्हटलं, "अहो, तो स्वतः जेवतो." तर म्हणाल्या, "ताई, असू द्या. जास्त मदतीच्या गटात बसला तर त्याच्यासाठी दोन माणसं मिळतील, त्याचंच भलं." मला ते खरंच वाटलं. सही केली. त्या गटाचे पैसे मूळ शुल्काच्या वर जवळपास निम्मे जादा होते.

पुढे काय झालं, तर शून्य लिहिलं म्हणून त्याला शून्यासारखंच वागवलं. पहिल्याच आठवड्यात चोवीस तास डायपर लावला. तो थापटायचा, कुणाला ती खूण माहीत नव्हती. मी लिहून दिली होती, तो कागद फायलीत गेला. दोन-तीन महिन्यांत त्याने थापटणं सोडून दिलं. जेवण भरवायला लागले, कारण तो स्वतः जेवायला अर्धा तास घेतो आणि भरवलं की सात मिनिटांत होतं. त्याला जे येत होतं तेही हातचं गेलं, आणि ते घालवण्याचे पैसे आम्हीच भरत होतो. बाकी सगळ्यापेक्षा हे मला जास्त लागलं आहे.

भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. गेलं की दादा इस्त्रीच्या शर्टात, केस विंचरलेले, अंगाला पावडरचा वास. मी समाधानाने घरी यायचे. पावडर वरून मारता येते, हे तेव्हा सुचलं नाही.

मग त्याला न्यूमोनिया झाला. केंद्रातून रात्री फोन आला, आम्ही थेट हॉस्पिटल गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या सिस्टर त्याचं अंग पुसत होत्या. उजव्या मुठीपाशी आल्या आणि थांबल्या. मला म्हणाल्या, "ही शेवटची कधी उघडली होती?" आवळलेली मूठ जोर लावून उघडायची नसते. मनगट आधी हळूच आत वाकवायचं, बोटं मग आपोआप सैल पडतात. कोमट पाण्याने धुवायचं, नीट कोरडं करायचं, मऊ कापडाची गुंडाळी ठेवायची. घरी मी हे रोज करायचे. सिस्टरनी मनगट वाकवलं, बोटं सैल झाली आणि आंबूस वास आला. तळहातावर पांढरी, ओली, सोललेली कातडी. मधल्या दोन बोटांची नखं वाढून मांसात रुतलेली, तिथे दोन चंद्रकोरी. दादा ओरडला नाही, माझ्याकडे बघत राहिला.

तोंडही तसंच. हिरड्यांवर पिवळा थर, जीभ पांढरी. डॉक्टरांनी विचारलं, दात कोण घासतं? तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि गिळायला त्रास असलेल्या माणसाला त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. नंतर वाचलं, जपानमध्ये वृद्धांच्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं पाहणी झाली होती, ती १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. नियमित दात घासून दिलेल्यांत न्यूमोनिया ११ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत १९ टक्क्यांना. दादा वृद्ध नाही, पण गिळण्याचा त्रास त्यालाही आहे. आणि आम्ही 'मुखस्वच्छता, दिवसातून दोनदा' याचे पैसे भरत होतो.

माकडहाडावर लाल डाग होता. बोटाने दाबून सोडला तरी फिका पडला नाही. शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी, कातडी फुटलेली नसली तरी. हे कुणालाही घरी तपासता येतं. त्वचा सावळी असेल तर लाली दिसत नाही, तेव्हा तो भाग आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरा लागतो का ते बघावं.

दादा हॉस्पिटलात चार रात्री होता. पाचव्या दिवशी त्याचे कपडे आणायला मी न सांगता केंद्रात गेले. खोलीच्या दाराआड रोजच्या कामांचा तक्ता लटकवलेला होता. तो मी आधीही पाहिला होता. इतक्या नीट टिका बघून बरं वाटायचं. या वेळी तारखा वाचल्या. ज्या चार दिवसांत दादा तिथे नव्हताच, त्या दिवसांत त्याची आंघोळ झाली होती, दाढी झाली होती, दात दोनदा घासले होते. रात्री दोन वाजता कूस बदलली होती, चार वाजता परत बदलली होती. सगळ्या टिका एकाच पेनाच्या, एकाच तिरपेपणाच्या, सही मात्र तिघांची. मी आधी फोटो काढला, मग बाथरूममध्ये गेले. आम्ही दोन महिन्यांपूर्वी दिलेल्या साबणावरची अक्षरं अजून उठून दिसत होती. ब्रशचे केस कोरे.

व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, लिहिणाऱ्याची चूक झाली." चार दिवसांचे पैसे परत द्यायला तयार झाले. मी म्हटलं, चार दिवस तो नव्हता म्हणून तुमचं खोटं पकडलं गेलं. बाकीच्या दिवसांचं काय? तेव्हा त्यांनी करार काढला. त्यात लिहिलं होतं, 'रोज सहा तासांपर्यंत मदत, गरजेनुसार.' 'पर्यंत' म्हटलं की अर्धा तासही चालतो. आणि 'गरजेनुसार' म्हणजे गरज कुणी ठरवायची? दादा बोलत नाही. त्यांनीच ठरवली.

दोन माणसं मिळणार होती, त्याचंही खरं नंतर कळलं. रात्रपाळीच्या मामांनी सांगितलं, ते बिचारे सांगताना रडकुंडीला आले होते. मजल्यावर रात्री ते एकटेच. कूस बदलायच्या यादीत बारा जण. एकेकाला दहा मिनिटं धरली तर दोन तास तिथेच संपतात, तोवर पहिल्याची वेळ परत आलेली असते. ते दादाला काखेत हात घालून एकटेच उचलायचे. उचलायचं यंत्र कोपऱ्यात होतं, बॅटरी कधीच चार्ज केलेली नव्हती. टिका मारायला त्यांना वरूनच सांगितलेलं. माझा राग मामांवर नाही. दोन माणसांचे पैसे घेऊन एकही पुरता माणूस न देणाऱ्यांवर आहे.

तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल तर ठरलेल्या वेळेला जाऊ नका, सकाळी सातला जा, जेवणाच्या वेळी जा. चेहरा आणि शर्ट बघून निघू नका. मूठ उघडा, कानामागे बघा, बोटांच्या बेचक्यांत, जांघेत, टाचांवर बघा. साबण आणि पेस्ट किती संपली ते बघा. मी आता पेस्टच्या ट्यूबवर पेनाने तारीख घालते. रात्री किती जणांमागे किती माणसं, हे लेखी मागा. करारात 'पर्यंत' दिसलं तर तिथे 'किमान' लिहून घ्या, आणि कोणत्या कामाला किती वेळ तेही. आपल्या माणसाला जे येतं ते फॉर्मवर आलंच पाहिजे, ते वगळून होणारा 'फायदा' घेऊ नका. तक्त्याचे फोटो दर भेटीला काढा. तक्रार केल्यावर ती मूळ पानं मला पुन्हा दिसली नाहीत.

दादा आता माझ्या घरी आहे, दिवसा एक मावशी येतात. त्यांना मी खूण पहिल्या दिवशी दाखवली. पाच आठवड्यांनी दादाने खुर्चीच्या हातावर एकदा थापटलं. दोनदा नाही, एकदाच. मावशींना कळलं. डायपर रात्रीपुरता राहिला आहे. तळहातावरची एक चंद्रकोर भरली, दुसरी अजून ओली आहे.

केंद्राने नोटीस महिन्याचं बिल पाठवलं आहे, त्यातही आंघोळीचे तीस दिवस धरलेत. ते मी भरलेलं नाही. फोटोंसकट तक्रार देखरेख यंत्रणेकडे दिली आहे, पुढची तारीख यायची आहे.